तीन चेलो आणि एक चेकलिस्ट

(शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात डिसेंबर २०२२ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने फोनवर सांगितलं होतं, "वीस मिनिटं बोल, पण आयटीवर नको. त्या विषयावर चार जण आधीच आहेत." मी विचारलं, मग कशावर बोलू? उत्तर आलं, "ते तुझ्या चेलोचं बोल. ग्रुपवर निम्म्या लोकांना तेच विचारायचंय." म्हणून आज मी बोलणार आहे परदेशातून वाद्य मागवायचं म्हटलं की किती खर्च येतो, तो कुठे कुठे वाढतो आणि कुठे वाचतो, यावर. विषय रुक्ष आहे, आकडे बरेच आहेत. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे पायऱ्या न गाळता सांगते.

आपण मिरजेत वाढलो. सतारमेकर गल्लीतून शाळेत येताना भोपळे वाळत पडलेले दिसायचे, तून लाकडाचा वास यायचा, आणि वाद्य म्हणजे दोन गल्ल्यांपलीकडून आणायची वस्तू असं आपल्याला वाटायचं. इथून सतारी आणि तानपुरे जगभर जातात. परदेशातून वाद्य इकडे मागवावं लागेल, असं मिरजेच्या मुलीच्या मनात येण्याचं काही कारणच नव्हतं. पण पुण्यात माझ्या लेकीने नवव्या वर्षी चेलो हातात घेतला आणि तो सोडायला ती तयार होईना.

ज्यांनी चेलो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, व्हायोलिनच्या घराण्यातलं हे थोरलं भावंड. खुर्चीत बसून, गुडघ्यांच्या मध्ये धरून, गजाने वाजवायचं. मुलांसाठी त्याची लहान मापं असतात: पाव, अर्धा, पाऊण आणि मग पूर्ण. पाऊण चेलोपर्यंत आम्ही भाड्याच्या वाद्यांवर निभावून नेलं. यंदा तिचे शिक्षक म्हणाले, "आता पूर्ण मापाचा हवा, आणि चांगला हवा. हे वाद्य पुढची दहा-पंधरा वर्षं तिच्याजवळ राहील." त्याच वर्गात आणखी दोन मुलं त्याच टप्प्यावर होती. त्यांतल्या एका मुलीची आई पिंपरीच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. भिशी आणि मोडलेली एक मुदतठेव मिळून त्यांच्याकडे साडेतीन लाख होते. त्या मला स्पष्ट म्हणाल्या, "ताई, साडेतीनच्या वर एक रुपयासुद्धा नाही. त्यात बसलं तर घेऊ, नाहीतर ती दुसरं काहीतरी शिकेल." ती मुलगी वर्गात सगळ्यात चांगलं वाजवायची. माझ्यासाठी या सगळ्या हिशेबाला अर्थ आला तो त्या वाक्याने.

वाद्य ठरलं ते जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावच्या एका कारखान्याचं. हे गाव म्हणजे सॅक्सनीतली मिरज. १६७७ साली तिथे व्हायोलिन बनवणाऱ्यांचा संघ स्थापन झाला, आणि आजही गावाची ओळख वाद्यांचीच आहे. शिक्षकांनी तिथला एक चेलो आधी वाजवून पाहिलेला होता, म्हणून निवडीचा प्रश्न नव्हता. प्रश्न फक्त तो पुण्यात आणायचा होता.

आता आकडे. हिशेब सोपा जावा म्हणून मी युरोचे रुपये करून थोडे गोल करून सांगते.

जर्मनीच्या संकेतस्थळावर किंमत दिसत होती २,३८,००० रुपये. मुंबईतल्या एका विक्रेत्याकडे त्याच नमुन्याची किंमत होती ४,१०,०००. हा फरक पाहिला की प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी एकच वाक्य येतं: "लुटतात हो, आपणच मागवू." मीही लॅपटॉप उघडला. पण सवयीप्रमाणे आधी एक तक्ता केला, आणि त्या तक्त्याने बऱ्याच गोष्टी शिकवल्या.

पहिली गोष्ट आनंदाची. युरोपातल्या दुकानाच्या किमतीत तिथला मूल्यवर्धित कर धरलेला असतो. जर्मनीत तो १९ टक्के आहे. माल युरोपीय संघाबाहेर पाठवला तर तो लागत नाही. म्हणजे २,३८,००० भागिले १.१९, बरोबर २,००,०००. हे आपोआप होईल असं धरू नका. मागणी नोंदवण्याआधी दुकानाला विचारा, "निर्यातीची, कराशिवायची किंमत काय?" आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरी गोष्ट भाड्याची. पेटीत बंद केलेल्या चेलोचं वजन जेमतेम बारा किलो. पण खोक्याचं माप आलं १४५ × ६० × ४५ सेंटिमीटर. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. आकारमानाचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. करून पाहा: ७८.३ किलो. वाद्य बारा किलोचं, बिल अठ्ठ्याहत्तर किलोचं. बाकीचे सहासष्ट किलो हवेचे. सर्वसाधारण हवाई मालवाहतुकीत भाजक ६,००० असतो, तिथे हाच खोका ६५ किलोंवर येतो. दारापर्यंत आणून देणाऱ्या कुरिअरचा दर एका चेलोला साधारण ७०,००० रुपये आला. हवाई मालवाहतुकीने तीन चेलो एकत्र आणले तर तिघांचे मिळून १,६५,०००, म्हणजे एकाचे ५५,०००. पण तिथे माल विमानतळापर्यंतच येतो. पुढची सोडवणूक आपली आपण करायची.

तिसरी गोष्ट कस्टम्सची. इथे नीट लक्ष द्या, कारण घोटाळे इथेच होतात.

शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, अधिक विमा, अधिक भाडं, या बेरजेवर लागतं. युरोचा दरही आपल्या बँकेचा किंवा मोबाइलवर दिसणारा नसतो. कस्टम्स खातं आपला दर दर पंधरवड्याला जाहीर करतं, तोच धरतात. त्या बेरजेवर आधी मूळ सीमाशुल्क. मग त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार. मग हे सगळं मिळवून येणाऱ्या रकमेवर आयजीएसटी. म्हणजे भाड्यावर कर आणि करावरही कर.

वाद्यांना कस्टम्सच्या दरपत्रकात स्वतंत्र प्रकरण आहे, ९२ वं. चेलो, व्हायोलिन, गिटार यांसारखी तंतुवाद्यं ९२०२ मध्ये येतात. तिथे मूळ शुल्क १० टक्के, अधिभार त्याच्या दहा टक्के म्हणजे १ टक्का. शंभराचे झाले १११. त्यावर १८ टक्के आयजीएसटी, १९.९८. एकूण ३०.९८ टक्के.

पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा विमानाने मागवलेल्या वस्तूंसाठी वेगळा शीर्षक आहे, ९८०४. त्यात वस्तू गिटार आहे की घड्याळ, हे बघत नाहीत. २०२२ मध्ये तिथे मूळ शुल्क ३५ टक्के होतं, अधिभार ३.५, झाले १३८.५०. त्यावर आयजीएसटी तेव्हा २८ टक्के होता, ३८.७८. एकूण ७७.२८ टक्के. वस्तू तीच, विमान तेच, पण कोणत्या शीर्षकाखाली गेली त्यावर शुल्क अडीच पट होत होतं.

तिसरा मार्ग म्हणजे येणाऱ्या माणसाच्या सामानातून आणणं. २०२२ मध्ये परदेशातून परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर शुल्क नव्हतं. त्यावरच्या रकमेवर ३८.५ टक्के होतं. ही सवलत माणशी असते. नवरा-बायकोची सवलत एकत्र करून एका वस्तूवर लावता येत नाही, हे खूप जणांना ठाऊक नसतं. दोन लाखांच्या चेलोवर ५०,००० वजा करून दीड लाखाचे ३८.५ टक्के, ५७,७५० रुपये. कागदावर हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण चेलो विमानाच्या पोटात टाकायला कोणताही वादक तयार होत नाही, त्याच्यासाठी शेजारच्या आसनाचं तिकीट काढावं लागतं. आणि मुळात जर्मनीहून कुणीतरी यायला हवं. व्हायोलिन किंवा बासरी असेल तर मात्र हा मार्ग उत्तम. लाल मार्गाने जा, बिल दाखवा, शुल्क भरा, पावती घ्या.

आता एकट्याने कुरिअरने मागवलं असतं तर काय झालं असतं, ते पाहू. चेलो २,००,०००. विमा २,२५०. भाड्यातले कस्टम्सला मोजता येणारे ४०,००० (ते चाळीसच का, हे पुढे सांगते). करपात्र रक्कम २,४२,२५०. तिच्यावर ७७.२८ टक्के, म्हणजे १,८७,२११. त्यात चेलोची किंमत, पूर्ण भाडं आणि विमा मिळवा: ४,५९,४६१. मुंबईचा विक्रेता मागत होता ४,१०,०००, आणि त्यात वाजवून बघायची सोय, जुळवणी आणि तक्रार ऐकून घेणारा माणूस अंतर्भूत होता. जो माणूस "लुटतो" असं वाटत होतं तो पन्नास हजारांनी स्वस्त होता! तो व्यापारी म्हणून आयात करतो, त्याला ९२०२ चा दर लागतो, बंदरावर भरलेल्या आयजीएसटीची वजावट मिळते, आणि भाडं अनेक वाद्यांत विभागलं जातं. म्हणून माझा पहिला सल्ला: स्वतः मागवण्याआधी आपल्या शहरातल्या वाद्यविक्रेत्याला भाव विचारा. परदेशातल्या संकेतस्थळावरच्या किमतीशी त्याची तुलना करू नका. वस्तू आपल्या दारात येईपर्यंतच्या एकूण खर्चाशी करा.

आमच्यासाठी चौथा मार्ग निघाला. ज्या संगीतसंस्थेत मुलं शिकतात ती नोंदणीकृत आहे, तिच्याकडे आयात-निर्यात क्रमांक आहे आणि जीएसटी नोंदणीही आहे. संस्थेने तीन चेलो स्वतःच्या नावाने आयात करायचे आणि ना नफा ना तोटा या तत्त्वावर आम्हाला रीतसर बिल देऊन विकायचे. संस्थेच्या कार्यालयात एक वयस्कर गृहस्थ आणि एक संगणक, एवढंच मनुष्यबळ. त्यामुळे कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं.

मागणी नोंदवताना जर्मन विक्रेत्याच्या कार्यालयातून एक सौजन्यपूर्ण पत्र आलं: "तुमच्याकडचं शुल्क बरंच आहे असं आमचे ग्राहक सांगतात. इन्व्हॉइसवर प्रत्येकी निम्मी किंमत लिहू का?" आमच्या पालकांच्या बैठकीत यावर चर्चा झाली. शुल्क लाखाच्या वर वाचत होतं, त्यामुळे मोह सगळ्यांनाच होता. मी दोन गोष्टी मांडल्या. एक, कमी किंमत दाखवणं हा सीमाशुल्क कायद्याने गुन्हा आहे. माल जप्त होऊ शकतो, वर दंड होतो, आणि इथे नाव संस्थेचं लागणार होतं. दोन, विमा कागदावरच्या किमतीचाच मिळतो. वाटेत चेलोची मान मोडली तर निम्मेच पैसे परत येतील. परिचारिका असलेल्या त्या आई पहिल्यांदा बोलल्या: "माझे साडेतीन लाख बुडाले तर मी कुठे जाऊ? खरी किंमत लिहा." विषय तिथेच संपला. ज्यांच्याकडे सगळ्यात कमी पैसे होते त्यांनीच निर्णय दिला.

इन्व्हॉइसवर आणखी काही गोष्टी लिहून घेतल्या, त्या तुम्हीही घ्या. वाद्य नवीन आहे हे स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्याकडे निर्बंधित आहे आणि त्यासाठी परवाना लागतो. जुनं, 'मुरलेलं' वाद्य परदेशातल्या लिलावातून स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी हे आधी वाचावं. दुसरं, कोणतं लाकूड वापरलं आहे ते वनस्पतिशास्त्रीय नावासकट. संकटग्रस्त जातींच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. रोजवूडच्या सगळ्या जाती २०१७ मध्ये त्यात आल्या तेव्हा गिटारवाल्यांचे हाल झाले होते. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवूडला मात्र ती नाही, ते सगळ्यात कडक यादीत आहे. उत्तम गज ज्याचा करतात ते पर्नाम्बुको लाकूडही ब्राझीलचं आणि नियंत्रित. आम्ही तिन्ही गज कार्बन फायबरचे घेतले. वाजायला चांगले, आणि कुठल्याही अधिकाऱ्याला झाडाचं नाव सांगावं लागत नाही. हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचा तुकडा लावलेला जुना गज असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका.

पॅकिंगचं मात्र मी जर्मनांना विचारलं नाही. आपल्याच वर्गातल्या, मागच्या बाकावर बसणाऱ्या मित्राला विचारलं. त्याचे तानपुरे दरवर्षी परदेशी जातात. (तो आज समोरच बसलाय आणि नाव घेऊ नकोस अशी खूण करतोय.) त्याने फोनवर तीन वाक्यांत सांगितलं: तारा सैल कर पण पूर्ण काढू नको, नाहीतर घोडी आडवी होईल. मानेखाली आणि घोडीखाली कापडाच्या गाद्या दे. आणि खोक्यात वाद्य हललं नाही पाहिजे, हलवून बघ आणि आवाज आला तर पुन्हा भर. मी ते जसंच्या तसं जर्मनीला कळवलं. तिकडून उत्तर आलं की हे सांगणारा माणूस कारागीर दिसतो. बाहेरचा खोका भरीव लाकडाचा असेल तर त्यावर कीडमुक्त केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. प्लायवूडला लागत नाही. आम्ही प्लायवूड मागितलं.

माल यंदा एप्रिलमध्ये निघाला. तो मुंबईत पोचण्याआधी क्लिअरिंग एजंटकडून 'चेकलिस्ट' आली. कस्टम्सला 'बिल ऑफ एंट्री' दाखल करण्याआधी त्यातला सगळा तपशील आयातदाराने तपासून होकार द्यायचा असतो, त्या मसुद्याला चेकलिस्ट म्हणतात. चार पानं, बारीक अक्षर, आणि सोबत निरोप: "अर्जंट, ओके कळवा." बहुतेक लोक ओके कळवतात. माझा व्यवसायच दुसऱ्याने लिहिलेल्या ओळी तपासण्याचा. मी ओळ न् ओळ वाचली.

वर्गीकरण ९२०२, बरोबर. युरोचा दर बरोबर. विमा ७,२०० बरोबर. भाड्यापुढे १,६५,००० लिहिलं होतं. ते आम्ही खरंच भरलं होतं, त्यामुळे दिसायला तेही बरोबर. पण २००७ च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांतल्या दहाव्या नियमात एक तरतूद आहे: माल विमानाने आला असेल तर शुल्कासाठी धरायचं भाडं, माल तिकडे विमानात चढेपर्यंतच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. मालाची किंमत ६,००,०००. वीस टक्के म्हणजे १,२०,०००. प्रत्यक्षात आम्ही कितीही भाडं दिलं असो, त्यावरचे ४५,००० शुल्काच्या हिशेबात येत नाहीत. मघाशी एका चेलोसाठी मी भाडं चाळीस हजारच धरलं ते याच कारणाने. चेलोसारख्या हलक्या पण अवाढव्य वस्तूला या नियमाचा फार आधार आहे, कारण तिच्या किमतीच्या मानाने भाडं नेहमीच जास्त येतं.

मी एजंटच्या कार्यालयात फोन केला. तिकडच्या तरुणाने सांगितलं, "मॅडम, भाडं पूर्णच धरतात, नेहमी असंच करतो. आता बदलायला वेळ जाईल, माल उद्या उतरतोय, गोदामभाडं लागेल." मी आवाज चढवला नाही. नियमाचा क्रमांक आणि मजकूर ईमेलने पाठवला, खाली दोन ओळींचा हिशेब लिहिला, आणि लिहिलं की दुरुस्त मसुदा आला की पाच मिनिटांत ओके कळवते, तोवर होकार नाही. त्या रात्री झोप आली नाही हे खरं. गोदामभाडं सुरू झालं असतं तर ते आमच्याच माथी येणार होतं. सकाळी सव्वादहाला दुरुस्त चेकलिस्ट आली. सोबत एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा निरोप होता: "मॅडमचं बरोबर आहे."

आता शेवटचं गणित. ६,००,००० अधिक १,२०,००० अधिक ७,२००, करपात्र रक्कम ७,२७,२००. मूळ शुल्क ७२,७२०. अधिभार ७,२७२. आयजीएसटी १,४५,२९५. एकूण २,२५,२८७ रुपये. पहिल्या मसुद्याप्रमाणे ते २,३९,२२८ झालं असतं, फरक १३,९४१. पण यातला आयजीएसटी संस्थेला वजावटीत परत मिळणारा होता, म्हणून हा सगळा फरक पालकांच्या खिशातला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पालकांचा हिशेब असा: किंमत, पूर्ण भाडं, विमा, मूळ शुल्क, अधिभार, आणि एजंट, विमानतळ व मुंबई-पुणे वाहतुकीचे ३६,०००. बेरीज ८,८८,१९२. त्यावर विक्रीचा १८ टक्के जीएसटी, भागिले तीन. प्रत्येक चेलो ३,४९,३५६ रुपयांना पडला. ती ओळ तशीच राहिली असती तर पडला असता ३,५१,३०३ ला. दर चेलोमागे फरक १,९४७ रुपये. माझ्या किंवा तिसऱ्या पालकांच्या दृष्टीने किरकोळ. पण एक आकडा साडेतीन लाखांच्या अलीकडे होता आणि दुसरा पलीकडे. उरलेले रुपये आम्ही उशीर किंवा इतर काही निघालं तर म्हणून राखून ठेवायचे असा आग्रह त्या माउलींनी धरला नाही, कारण आकडा कळल्यावर त्या संस्थेच्या बाकावर बसून नुसत्या हसत होत्या. उरलेत ६४४ रुपये, हेही त्यांनीच मला सांगितलं. त्यांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं!

खोकी आली तेव्हा पुण्यात चाळीस अंश तापमान होतं. चोवीस तास खोली बंद करून तशीच ठेवली, म्हणजे लाकडाला हवा सवयीची होते. उघडल्यावर एका चेलोच्या पोटातली काठी पडलेली होती. वरची आणि खालची फळी यांच्यामध्ये नुसत्या दाबावर उभी असलेली ही बोटाएवढी जाड काठी, फ्रेंच आणि इटालियन लोक तिला 'आत्मा' म्हणतात. प्रवासात ती पडते, नवल नाही. कारागिराने अर्ध्या तासात ती उभी केली. तेवढा खर्च संस्थेने स्वतःहून केला.

आता हे सगळं मी आज इथे का सांगितलं, त्याकडे येते. आपल्या बॅचतर्फे शाळेला भेट द्यायची आहे, आणि ग्रुपवर एक सूचना जोरात आहे: परदेशातल्या मित्रांनी तिकडून एक चांगला डिजिटल पियानो घेऊन शाळेला पाठवावा. भावना फार सुंदर आहे. पण पाठवण्याआधी एवढं पाहा.

'गिफ्ट' असं खोक्यावर लिहिल्याने काही वाचत नाही. पाच हजारांपर्यंतच्या भेटींना असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्ये संपली. राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेटीवरही पूर्ण शुल्क लागतं, आणि ते भरावं लागतं घेणाऱ्याला, म्हणजे शाळेला. पियानो जड आहे, त्यामुळे भाडं आलंच, आणि भाड्यावर कर. त्यात ब्लूटूथ असेल तर दूरसंचार खात्याची वेगळी मान्यता लागते. आणखी एक नाजूक मुद्दा. आपल्यातल्या ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलंय त्यांनी शाळेच्या विश्वस्त संस्थेला दिलेले पैसे कायद्याने परदेशी देणगी ठरतात. वस्तू दिली तरी तेच. त्यासाठी संस्थेची स्वतंत्र नोंदणी लागते. भारतीय पारपत्र असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशांना ही अडचण नाही. वर्गणी गोळा करण्याआधी समितीने सनदी लेखापालांकडून हे तपासून घ्यावं, अशी माझी विनंती आहे. मी सांगितलेले सगळे दर २०२२ चे आहेत. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून त्या वेळचे ताजे बघूनच निर्णय घ्या.

जे कलाकार किंवा हौशी वादक आपलं वाद्य घेऊन परदेशी जातात त्यांनाही एक सांगते. जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यात वाद्याचं वर्णन आणि क्रमांक नोंदवतात. परत येताना हे वाद्य तिकडे विकत घेतलं नाही हे सिद्ध करायला तो एक कागद पुरतो.

आणि शाळेच्या भेटीबद्दल माझी स्वतःची सूचना. पियानो हवाच असेल तर भारतातल्या विक्रेत्याकडून घेऊ, हमीसकट. पण काल मी शाळेच्या संगीतकक्षात जाऊन आले. आपल्या वेळचे दोन्ही तानपुरे कोपऱ्यात आहेत. एकाच्या भोपळ्याला तडा आहे, दुसऱ्याची जवारी गेली आहे. मुलं मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर प्रार्थना म्हणतात. मिरजेतल्या शाळेत! एक तानपुरा दुरुस्त होईल, एक नवीन घ्यावा लागेल. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना जीएसटीही माफ आहे. आपला मागच्या बाकावरचा मित्र भाव ठरवायला बसलेलाच आहे. आकारमानाचं वजन नाही, करपात्र मूल्य नाही, चेकलिस्ट नाही. गल्लीतून रिक्षाने येईल, आणि रिक्षाचं भाडं मी देईन.